बाप्तिस्मा पुसायचा कसा, हा प्रश्न जरा बाजूला ठेवा

तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी मांडते, म्हणजे माझं काही चुकत असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. तुम्ही ख्रिस्ती घरात वाढलात. तान्हेपणी बाप्तिस्मा झाला, पुढे दृढीकरण, म्हणजे मोठं झाल्यावर श्रद्धा पक्की करण्याचा चर्चचा विधी, झालं, काही वर्षं संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवलंतही. गेली दोन वर्षं नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियाच्या, आणि ग्रीक देवतांबद्दल वाचताय आणि मन तिकडे ओढ घेतंय. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: पेगन होण्याचा विधी कोणता, त्याआधी बाप्तिस्म्याचा त्याग करावा लागतो का, आणि येशूबद्दल अजून माया वाटते म्हणजे तुम्ही ढोंगी आहात का. शेवटी कंसात एक ओळ टाकली आहे, ‘रात्री नरकाची भीती वाटते’.

मी एकवीस वर्षांपूर्वी चर्च सोडलं. ग्रीक देवतांची घरगुती पूजा करते आणि बरीच वर्षं नवख्या लोकांसोबत बसते. त्या अनुभवावरून सांगते, बहुतेकांचा खरा प्रश्न त्या कंसात असतो. विधी कोणता, हे विचारणाऱ्याला आतून विचारायचं असतं की जुना देव रागावेल का, आणि नवा देव मला घेईल का. म्हणून विधीचं उत्तर देते, पण भीतीच्या वाटेने.

आधी एक कबुली. पेगन हा एक धर्म नाही. ‘पेगानुस’ म्हणजे लॅटिनमध्ये खेडवळ माणूस. ख्रिस्ती लोकांनी उरलेल्या सगळ्यांना एकाच टोपलीत टाकायला तो शब्द वापरला, आणि आता त्या टोपलीतलेच लोक तो अभिमानाने लावतात. त्यामुळे ‘पेगन व्हायला काय लागतं’ याचं उत्तर तुम्ही कुठल्या दारात उभे आहात यावर ठरतं. विका या आधुनिक चेटूक-धर्मात दीक्षा असते. त्यातल्या गार्डनेरियन, म्हणजे जेराल्ड गार्डनरपासून आलेल्या, परंपरेत त्याआधी निदान एक वर्ष आणि एक दिवस शिकायचा प्रघात आहे. आइसलँडच्या आसात्रू, म्हणजे जुन्या नॉर्स देवांच्या भक्तांच्या, मंडळात, जे 1972 साली स्थापन झालं आणि ज्याला 1973 मध्ये सरकारी मान्यता मिळाली, तुम्ही रीतसर नाव नोंदवून सभासद होता. आणि माझ्यासारख्या घरगुती पूजा करणाऱ्यांकडे दारच नाही. आत येण्याचा क्षण असा कुठला नसतोच.

हे शेवटचं वाक्य पचायला मला तीन वर्षं लागली, म्हणून थोडं थांबते.

तुम्ही ख्रिस्ती धर्म सोडताय, पण सोडण्याची पद्धत ख्रिस्ती आहे. एका ठरावीक दिवशी जुन्याला नाकारायचं, नव्याचा स्वीकार करायचा, तोंडाने कबुली द्यायची, आणि त्या क्षणापासून माणूस बदलला असं समजायचं, हा सगळा आराखडा बाप्तिस्म्याचा आहे. जुन्या ग्रीक किंवा रोमन माणसाला तो कळलाच नसता. बंदरावरच्या परक्या देवीला त्याने धूप दाखवला म्हणून तो घरच्या चुलीच्या देवीला सोडत नव्हता. श्रद्धा काय आहे हे त्याला कुणी विचारत नसे. तू काय करतोस, वेळेवर करतोस का, नीट करतोस का, एवढंच बघितलं जाई.

इतिहासात याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे रोमन सम्राट जुलियन. तो ख्रिस्ती म्हणून वाढला. विसाव्या वर्षापर्यंत आपण त्या वाटेवर होतो असं त्याने स्वतः एका पत्रात लिहिलंय. पुढे दहाएक वर्षं त्याने नवी भक्ती लपवून ठेवली आणि 361 मध्ये गादीवर आल्यावर ती उघड केली. मग केलं काय? पेगन पुरोहितांची चर्चसारखी उतरंड उभी करायला घेतली, गावोगावी धर्मशाळा काढा म्हणून मुख्य पुरोहिताला पत्र लिहिलं, आणि त्यातच तक्रार केली की हे गॅलिलीवाले, म्हणजे ख्रिस्ती, आपले गरीब तर पोसतातच, वर आमचेही पोसतात. दोनच वर्षांत, 363 मध्ये, पर्शियाच्या मोहिमेत तो मारला गेला आणि बेत तिथेच राहिला. मला तो माणूस आवडतो. पण त्याने देव बदलले, साचा तोच ठेवला. आपण सगळे थोडेफार हेच करतो, आणि माझ्या मते पहिल्या वर्षात बघायची गोष्ट असेल तर हीच.

हा साचा कुठे कुठे डोकावतो ते सांगते. पहिली जागा म्हणजे पुस्तक. नवा माणूस हमखास विचारतो, ‘आपलं बायबल कोणतं?’ एडा, म्हणजे नॉर्स देवकथांची जुनी आइसलँडी पुस्तकं, वाचायला घेतो आणि त्यातली ओळन् ओळ वचन म्हणून धरतो. गद्य एडा लिहिणारा स्नोरी स्टुर्लुसन ख्रिस्ती होता, आणि 1220 च्या आसपास, म्हणजे आइसलँड ख्रिस्ती होऊन दोनशे वर्षं उलटल्यावर त्याने ती लिहिली. कवींना जुने संदर्भ कळावेत हा त्याचा हेतू. त्यातून खूप कळतं, पण त्यावर हात ठेवून शपथ घ्यायचा तो ग्रंथ नव्हे. विकाचंही तसंच. जेराल्ड गार्डनरचं पुस्तक 1954 साली आलं, ब्रिटनमधला जुना जादूटोणा कायदा 1951 मध्ये रद्द झाल्यावर. वर्षाचे आठ सण आज सगळीकडे दिसतात ते एका चक्रात बसवले गेले विसाव्या शतकाच्या मध्याला. सुटे सण त्याआधीचे आहेत, चक्र नवं आहे. हे कळल्यावर काहीजण खट्टू होतात, जणू फसवणूक झाली. मला त्यात फसवणूक दिसत नाही, फक्त ‘अखंड पाच हजार वर्षांची परंपरा’ म्हणून कुणी विकत असेल तर दोन पावलं मागे सरका.

दुसरी जागा म्हणजे ‘बोलावणं’. चर्चमध्ये आपण साक्षी ऐकत वाढलो, प्रभूने मला अमुक दिवशी हाक दिली वगैरे. ती सवय सोबत येते. कावळा हा नॉर्स देव ओडिनचा पक्षी, म्हणून खिडकीत कावळा बसला की ओडिनने निवडलं. बाबांनो, कावळे खिडकीत बसतातच. तुम्हाला कुणी निवडलं नसलं तरी चालतं. ग्रीक घरात झ्यूसने कुणाला खास बोलावलेलं नसायचं, तरी त्याच्या नावाने द्राक्षारस सांडला जायचा.

आता बाप्तिस्म्याकडे. कॅथलिक चर्चच्या दृष्टीने तो पुसलाच जात नाही, आत्म्यावर कायमची खूण राहते असं ते मानतात. 1983 च्या त्यांच्या धर्मसंहितेत औपचारिकपणे चर्च सोडण्याचा उल्लेख विवाहाच्या नियमांत होता. तोही 2009 मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी काढून टाकला. म्हणजे तुम्ही पत्र पाठवलंत तरी त्यांच्या हिशेबी तुम्ही बाप्तिस्मा झालेलेच. आणि पेगन देवतांच्या बाजूने बघितलं तर ग्रीक देवी अथेनाला तुमच्या कपाळावर कधीतरी पाणी पडलं याचं काय? ज्याला ती खूण खरी वाटते त्याच्या मते ती निघत नाही, आणि ज्याला वाटत नाही त्याला काढायला काही उरत नाही. त्याग करावाच लागतो का, याचं माझं उत्तर ‘नाही’ आहे.

कागदोपत्री मात्र देशानुसार फरक पडतो. जर्मनीत चर्चच्या सभासदांकडून आयकराच्या आठ किंवा नऊ टक्के चर्च-कर कापला जातो, आणि तो थांबवायचा तर सरकारी कचेरीत जाऊन रीतसर बाहेर पडल्याचं नोंदवावं लागतं. इतर ठिकाणी लग्न, वारसा, मुलांचा ताबा, नोकरी यांत नोंदलेला धर्म आडवा येऊ शकतो. असा काही प्रसंग तुमच्यापुढे असेल तर विधीच्या आधी वकिलाला भेटा. नसेल तर कागदांना हात लावायची घाई नाही.

घाईवरून आठवलं. आमच्याकडे एक बाई यायच्या. दुसऱ्याच महिन्यात त्यांनी घरी बाप्तिस्म्याचा दाखला जाळायचा बेत केला. स्वयंपाकघरात, तव्यात. कागद जाड होता, त्यावर मेणाचा शिक्का, तो पेटेना, नुसताच धुमसायला लागला. धुराचा अलार्म वाजला, शेजारी दार वाजवायला लागले, आणि या हातात उलथनं घेऊन रडतायत. पुढच्या वर्षी कुठल्याशा अर्जाला जन्मतारखेचा जुना पुरावा हवा होता तेव्हा त्याच चर्चला नक्कल मागायला गेल्या. पाद्रीबाबांनी मूळ दाखला कुठे गेला ते विचारलं नाही, चहा दिला. त्या हे आता हसत सांगतात. पण त्या रात्री तव्यातून धूर निघाला आणि भीती होती तिथेच राहिली. मला म्हणाल्या, ‘उलट वाढली, वाटलं आता तर पुरावाच दिला.’

मग भीतीचं करायचं काय? आधी ती काय आहे ते ओळखा. चार वर्षांच्या मुलाला शिकवलेली गोष्ट पस्तिसाव्या वर्षी वाद घालून निघत नाही, कारण ती वादाने आत गेलेलीच नसते. मी नरक मानत नव्हते तेव्हाही विमान हादरलं की ओठांवर जुनी प्रार्थना यायची. अजूनही क्वचित येते. सुरुवातीला मी त्यावर स्वतःला रागवायचे, मग येऊ द्यायला लागले. भीती आली म्हणजे देवाने इशारा दिला असं नाही. जिथे वाढलो तिथली बोली जशी तोंडात राहते तशी ती राहते. चर्च सोडल्यावर साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी माझ्या भीतीची तीव्रता उतरली, पण हा माझा हिशेब, तुमचा वेगळा असेल. झोप उडत असेल, छातीत धडधड होऊन घाम फुटत असेल, किंवा दिवसात वीसवीसदा पाप झालं का हे मनात तपासलं जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. कुठलाही विधी, आमचा धरून, त्यावरचं औषध नाही. ‘एक शुद्धीकरण करून घ्या, भीती जाईल’ असं सांगून पैसे मागणारे भेटतील. मी नवी असताना एका गटप्रमुखाला अशा तीन ‘शुद्धी’चे पैसे दिले आहेत, आणि चौथीला गेले नाही तेव्हा माझ्यावर शाप असल्याचं मला कळवण्यात आलं. म्हणजे नरक सोडून मी दुसऱ्या नरकाची वर्गणी भरत होते.

आता येशूबद्दलची माया. इथे मी तुमच्या बाजूने आहे. आइसलँडच्या वसाहतीच्या नोंदींत हेल्गी नावाच्या माणसाची गोष्ट आहे, टोपणनाव ‘हडकुळा’. तो ख्रिस्ताला मानायचा, आपल्या शेताला त्याने ख्रिस्ताचंच नाव दिलं, पण समुद्रावर आणि अडचणीच्या वेळी धावा थोर या नॉर्स देवाचा करायचा. कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात दहाव्या शतकातला मऊ दगडाचा एक साचा आहे, त्यात क्रूसही ओतता येई आणि थोरचा हातोडाही. कारागीर दोन्ही गिऱ्हाइकं सांभाळत होता. संक्रमणाच्या काळात माणसं अशीच असतात, तेव्हाची ख्रिस्ताकडे जात होती, तुम्ही उलट निघाला आहात, एवढाच फरक.

अडचण एकाच ठिकाणी आहे आणि ती लपवणार नाही. बहुदेववादाच्या बाजूने येशूला जागा आहे, पण तुमच्या जुन्या धर्माच्या बाजूने दुसऱ्या देवांना नाही, पहिलीच आज्ञा ती आहे. म्हणून ‘दोन्ही’ ही अवस्था तुमच्याकडून चालेल, चर्चकडून नाही. काही लोक आयुष्यभर ती ओढाताण घेऊन जगतात आणि सुखात असतात. काहींची माया हळूहळू एखाद्या दूर गेलेल्या नातेवाइकाबद्दल असते तशी होते. माझं तसं झालं. काही परत जातात. गेल्या काही वर्षांत आमच्याकडून तिघे परत चर्चमध्ये गेले, एकाच्या लग्नाला मी गेले होते. ढोंगी यांतला कुणीच नव्हता.

विधी हवाच असेल तर सांगते, पण तो प्रवेशाचा नाही, रोजचा आहे. हेसियड हा ग्रीक कवी, ख्रिस्तपूर्व सातव्या-आठव्या शतकातला. त्याचं सांगणं सोपं आहे: ऐपतीप्रमाणे देवांना अर्पण कर, आणि झोपताना व उजाडताना द्रव सांडून, धूप जाळून त्यांना प्रसन्न कर. हात न धुता पहाटे झ्यूसला द्राक्षारस वाहू नकोस, हेही तोच सांगतो. झालं. हात धुवा. एक वाटी पाणी घ्या, एक दिवा. सुरुवात हेस्तियाच्या, चुलीच्या देवीच्या, नावाने करा आणि शेवटही तिच्याच. मधे ज्या देवतेकडे ओढ आहे तिला काय देताय ते साध्या शब्दांत सांगा, काही मागायचं असेल तर मागा, आणि पाणी ओता. दोन मिनिटं. नॉर्स बाजूने जायचं असेल तर शब्द आणि पेय वेगळं, आकार फारसा वेगळा नाही: मी देतो, तू दे, आपली ओळख वाढू दे.

माझी पहिली वेळ सांगते, म्हणजे तुम्हाला तुमची विचित्र वाटणार नाही. टेबलावर चिनी मातीचा एक टवका उडालेला बाऊल. मी उभी राहायचं ठरवलं होतं, कारण ग्रीक उभं राहून, तळवे वर करून प्रार्थना करत. दिवा लागला आणि गुडघे आपोआप वाकले. परत उभी राहिले. जुळवलेलं वाक्य विसरले. ‘पाणी आणलंय’ एवढंच म्हणाले, आणि पाठोपाठ तोंडातून स्पष्ट, मोठ्याने ‘आमेन’ निघालं. मग खोलीत मी आणि तो बाऊल. काहीही झालं नाही. ना शांती, ना कंप. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, मुख्यतः आदल्या दिवशीची लाज जावी म्हणून. साधारण दोन महिन्यांनी लक्षात आलं की आज केलं नाही तर चुकल्यासारखं वाटतंय.

हेच करा, एक वर्ष. श्रद्धा आहे का हे रोज तपासू नका. आणि त्या वर्षात कुठल्याही देवतेला, गटाला, गुरूला शपथ देऊ नका. पाप ही कल्पना इकडे नसली तरी शब्द मोडणं ही फार गंभीर गोष्ट आहे. ‘आयुष्यभर तुझाच’ हे वाक्य चर्चमध्ये दर रविवारी गाऊन स्वस्त झालेलं असतं, इकडे ते महाग आहे.

गट शोधाल तेव्हा दोन-चार गोष्टी बघा. दीक्षेला पैसे मागतात का? गार्डनेरियन परंपरेत ते घेत नाहीत. मागचे सभासद सोडून गेले त्यांच्याबद्दल कसं बोलतात? आणि नॉर्स मंडळींत जाणार असाल तर, देवांआधी रक्ताच्या आणि वंशाच्या गप्पा सुरू झाल्या की उठा. ही कीड तिकडे खरी आहे. 2016 साली जगभरच्या अनेक नॉर्स गटांनी मिळून अशा वंशवादी संघटनेशी संबंध ठेवणार नाही असं जाहीर केलं. हावामाल या जुन्या नॉर्स काव्याच्या 127 व्या कडव्यात वाईट दिसलं तर ते वाईट म्हण असा उपदेश आहे, म्हणून त्या निवेदनालाच 127 हा आकडा दिला.

गट मिळेलच असं नाही, मिळाला तरी लहान असेल. आजारी पडलात तर डबा आणून देणाऱ्या बायका चर्चमध्ये होत्या, आमच्याकडे बारा माणसं, त्यातली सात दुसऱ्या शहरात. सगळ्यात जास्त आठवण मला गाण्याची येते. दोनशे गळे एका सुरात, चार आवाजांत. त्याला पर्याय मला अजून मिळालेला नाही.

आईला सांगायचं का, हे तुम्ही थेट विचारलं नाही, पण ‘आई दर रविवारी फोन करते’ असं लिहिलंय. तुम्ही राहायला किंवा पैशांसाठी घरच्यांवर अवलंबून असाल तर आत्ता नका सांगू. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नाही. स्वतंत्र असाल तर सणाच्या दिवशी नको, आजारपणात नको, आणि धर्म बदलला अशी घोषणा तर नकोच, कारण अजून बदललेला नाही. पहिला प्रश्न ‘म्हणजे सैतानाची पूजा का?’ हा असेल, तयार राहा. सैतान हे त्यांच्याच कथेतलं पात्र आहे, आमच्याकडे तो नाही, हे उत्तर बरोबर असलं तरी तेव्हा उपयोगी पडत नाही. माझ्या आईला मी तसंच उत्तर दिलं होतं, ठसक्यात. ती सहा महिने बोलली नाही. नंतर एकदा माझ्याकडे राहायला आली, सकाळी मी बाऊल घेऊन उभी होते, ती दारात थांबली आणि म्हणाली, ‘दिव्याजवळचा पडदा सरकव, पेटेल.’ अजूनही ती माझ्यासाठी जपमाळ घेऊन प्रार्थना करते. मी तिला थांबवत नाही.

वर्षाने लिहा कसं चाललंय ते. मध्ये महिनाभर खंड पडला तर कबुली द्यायला कुणाकडे जायचं नाहीये, दुसऱ्या दिवशी सकाळी हात धुवायचे आणि पाणी ओतायचं.